राज्याची सीमा आणि बंदुकीचे मॅगझिन

(शिक्षक, ग्रामसेवक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासाठी योजलेल्या कायदा-परिचय वर्गातील भाषणाचा मजकूर)

इंदूरहून वडोदऱ्यास बदलून जाणाऱ्या मराठी कुटुंबास एक गोष्ट कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. मध्य प्रदेशातील दुकानातून रीतसर विकत घेतलेली मद्याची बाटली गुजरातच्या हद्दीत, परवाना जवळ नसेल तर, गुन्ह्याचा पुरावा ठरते. गोव्याहून सावंतवाडीकडे जाणाऱ्या प्रवाशासही तपासणी नाक्यावर हेच कळून येते. बाटली तीच असते, तिचा मालकही तोच असतो. बदललेली असते ती केवळ राज्याची हद्द.

संघराज्यातील नागरिकांच्या अंगवळणी पडलेला हाच प्रश्न बंदुकीच्या एका लहानशा भागाबाबत किती बिकट होऊ शकतो, याचे उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पाहावयास मिळते. तेथे नोकरी, शिक्षण, लष्करी बदली अशा कारणांनी दरवर्षी लक्षावधी माणसे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलवितात. त्यांपैकी अनेकांच्या सामानात बंदूक किंवा पिस्तूल असते. जुन्या गावी जे घरात ठेवण्यास कोणाचीच हरकत नव्हती, तेच नव्या गावी घरात ठेवल्याबद्दल खटला उभा राहू शकतो. कायदा पाळण्याची इच्छा असलेला मनुष्य केवळ पत्ता बदलल्यामुळे आरोपी व्हावा, हे कसे घडते आणि ते टाळण्यासाठी कायदा काय करतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मॅगझिन म्हणजे काय?

मॅगझिन हा शब्द आपल्याकडे नियतकालिकासाठी रूढ आहे. त्याचे मूळ अरबी ‘मखझन’ या शब्दात असून त्याचा अर्थ कोठार असा आहे. नियतकालिक हे मजकुराचे कोठार, तर बंदुकीचे मॅगझिन हे काडतुसांचे कोठार. आपल्या खेड्यांत पिकांच्या राखणीसाठी वापरली जाणारी ठासणीची बंदूक किंवा दुनळी यांना असे मॅगझिन नसते. दुनळीत दोन काडतुसे घालावयाची, ती उडाली की नळ्या उघडून पुन्हा भरावयाची. आधुनिक पिस्तुलास व अनेक रायफलींना मात्र धातूची किंवा प्लास्टिकची एक सुटी पेटी जोडलेली असते. तिच्या तळाशी स्प्रिंग असते आणि ती एकामागून एक काडतूस वर ढकलीत राहते. पेटी रिकामी झाली की ती काढून दुसरी भरलेली पेटी बसवावयाची.

या पेटीत किती काडतुसे मावावीत, हाच वादाचा विषय आहे. अमेरिकेत खपणाऱ्या अनेक पिस्तुलांबरोबर १५ किंवा १७ काडतुसांचे, तर एका लोकप्रिय जातीच्या रायफलींबरोबर ३० काडतुसांचे मॅगझिन येते. याखेरीज मॅगझिनची आणखी एक अडचण आहे. बंदुकीवर क्रमांक कोरलेला असतो, परंतु मॅगझिनवर बहुधा तो नसतो. ते केव्हा घेतले, कोठे घेतले, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही. ज्या कायद्यात ‘अमुक तारखेपूर्वी घेतलेले असल्यास सूट’ असे लिहिलेले असते, तेथे मालकाने जपून ठेवलेली पावती हाच त्याचा खरा आधार होय.

मर्यादा का आल्या?

१९९४ च्या सप्टेंबर महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने एक कायदा केला. १० हून अधिक काडतुसे मावणारी नवी मॅगझिने सामान्य नागरिकांस मिळू नयेत, अशी तरतूद त्यात होती. आधीपासून लोकांच्या हाती असलेल्या मॅगझिनांना मात्र सूट होती. हा कायदा १० वर्षांपुरताच होता. २००४ च्या सप्टेंबरमध्ये त्याची मुदत संपली आणि ती वाढविण्यात आली नाही. त्यानंतर देशभर लागू असलेली मर्यादा उरली नाही. ज्या राज्यांना मर्यादा हवी होती, त्यांनी आपापल्या विधिमंडळात ती ठरविली. ज्यांना नको होती, त्यांनी काहीच केले नाही.

मर्यादेच्या बाजूने दिले जाणारे कारण साधे आहे. मॅगझिन लवकर संपले तर ते बदलताना हल्लेखोरास थांबावे लागते, आणि तेवढ्या क्षणात कोणी पळून जाऊ शकतो किंवा कोणी त्यास पकडू शकतो. २०११ च्या जानेवारीत ॲरिझोनातील टूसॉन येथे लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या सभेत गोळीबार झाला व ६ माणसे मृत्युमुखी पडली. हल्लेखोराच्या पिस्तुलास ३३ काडतुसांचे मॅगझिन होते. ते संपल्यावर दुसरे बसविण्याच्या धडपडीत असताना जमलेल्या लोकांनी त्यास धरले. २०१२ च्या जुलैत कोलोरॅडोतील ऑरोरा येथील चित्रपटगृहात १२ जण आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कनेक्टिकटमधील न्यूटाउन येथील शाळेत २० बालके व ६ प्रौढ मारले गेले. या घटनांनंतर २०१३ मध्ये कोलोरॅडो, न्यूयॉर्क, कनेक्टिकट व मेरीलँड या राज्यांनी नवे कायदे केले किंवा जुने कडक केले.

विरोधकांचे म्हणणेही ऐकावयास हवे. कारखान्यातून बंदुकीबरोबर आलेले मॅगझिन हे ‘मोठे’ नसून नेहमीचेच आहे. गुन्हेगार कायदा पाळीत नाही, त्यामुळे मर्यादेचा जाच सरळ माणसासच होतो. आणि आत्मसंरक्षणाच्या प्रसंगी किती काडतुसे लागतील हे आधी कोणी सांगू शकत नाही, असे ते म्हणतात. १७९१ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेत समाविष्ट झालेल्या दुसऱ्या दुरुस्तीचा, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा, ते आधार घेतात. हा वाद तेथील जनतेने व न्यायालयांनी सोडवावयाचा आहे. येथे महत्त्वाचे आहे ते एवढेच की, वाद चालू असताना माणसे मात्र राज्याराज्यांतून ये-जा करीतच असतात.

एक देश, अनेक मापे

कोणत्या राज्याने कोणते माप ठरविले, हे पाहिले म्हणजे गुंतागुंत ध्यानात येते. न्यू जर्सीने १९९० मध्ये १५ ची मर्यादा घातली व २०१८ मध्ये ती १० वर आणली. कोलोरॅडोने १ जुलै २०१३ पासून १५ ची मर्यादा लागू केली. व्हरमाँटने २०१८ मध्ये रायफलींसारख्या लांब बंदुकांसाठी १० आणि पिस्तुलांसाठी १५ असे दुहेरी माप ठरविले. इलिनॉयच्या जानेवारी २०२३ च्या कायद्यातही असेच दुहेरी माप आहे. डेलावेअरने २०२२ मध्ये १७ हा आकडा निवडला, तर ऱ्होड आयलंडने त्याच वर्षी १० हा. हवाई राज्यात १० ची मर्यादा पिस्तुलाच्या मॅगझिनला आहे. टेक्सास, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या अनेक राज्यांत अशी मर्यादाच नाही.

डेलावेअर नदीच्या एका तीरावर पेनसिल्व्हेनियातील फिलाडेल्फिया शहर आहे आणि दुसऱ्या तीरावर न्यू जर्सीतील कॅम्डेन. मध्ये केवळ एक पूल. एका बाजूस १७ काडतुसांचे मॅगझिन दुकानात उघड विकत मिळते. पुलापलीकडे, न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणे, तेच बाळगणे १८ महिन्यांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा होतो.

जुना रहिवासी आणि नवा रहिवासी

केवळ आकडा समजला म्हणजे काम भागते असेही नाही. ‘विकणे’, ‘आणणे’ आणि ‘बाळगणे’ या तीन क्रियापदांकडे नीट लक्ष द्यावे लागते. सरकारी कागद वाचणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात घ्यावा असा हा मुद्दा आहे.

मेरीलँडच्या कायद्यात १० हून अधिक काडतुसांच्या मॅगझिनची विक्री व हस्तांतरण यांस बंदी आहे, पण ते नुसते बाळगण्यास नाही. वॉशिंग्टन राज्याने १ जुलै २०२२ पासून अशा मॅगझिनांची विक्री, निर्मिती व राज्यात आयात बंद केली. आधीपासून घरात असलेली मात्र राहू दिली. याचा परिणाम असा होतो की, एकाच गल्लीत राहणाऱ्या दोन शेजाऱ्यांपैकी जुन्या रहिवाशाकडील मॅगझिन वैध असते, आणि परराज्यातून नव्याने राहावयास आलेल्या शेजाऱ्याने अगदी तसेच मॅगझिन बरोबर आणले, तर ते आणणे हाच गुन्हा होतो. वस्तू एक, गल्ली एक, परंतु कायद्याच्या दृष्टीने दोघांची स्थिती भिन्न.

कनेक्टिकटने या बाबतीत अधिक विचार केलेला दिसतो. २०१३ च्या कायद्यान्वये तेथील रहिवाशांना जवळच्या मॅगझिनांची नोंद करण्यास १ जानेवारी २०१४ पर्यंतची मुदत मिळाली. नव्याने राहावयास येणाऱ्यासाठीही स्वतंत्र कलम आहे: त्याने ९० दिवसांच्या आत मॅगझिन कायमचे निकामी करावे, परवानाधारक विक्रेत्यास विकावे किंवा राज्याबाहेर पाठवावे. मर्यादा कडक आहे, परंतु येणाऱ्याला दार दाखविलेले आहे. न्यू जर्सीनेही २०१८ मध्ये मर्यादा १० वर आणताना रहिवाशांना १८० दिवस दिले होते. त्या अवधीत मॅगझिन कायमचे बदलून घ्यावे, ते बाळगण्याचा हक्क असलेल्यास द्यावे किंवा पोलिसांच्या स्वाधीन करावे, असे पर्याय होते. भरपाईची तरतूद मात्र नव्हती. कॅलिफोर्नियात नव्या रहिवाशाने बरोबर आणलेल्या बंदुकांची माहिती ६० दिवसांत राज्यास कळवावी लागते. पण १० हून अधिक काडतुसांचे मॅगझिन राज्यात आणण्यासच बंदी असल्याने त्या ६० दिवसांचा लाभ मॅगझिनला मिळत नाही. बंदुकीला मुदत आणि तिच्या मॅगझिनला नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

अज्ञानाची किंमत

या गोंधळात सापडलेल्या एका तरुणाचा खटला अमेरिकेत बराच गाजला. कोलोरॅडोत रीतसर घेतलेल्या बंदुका घेऊन तो न्यू जर्सीत राहावयास आला होता. २००९ च्या जानेवारीत घरसामानाने भरलेल्या त्याच्या मोटारीच्या डिकीत पोलिसांना त्या बंदुका, मर्यादेबाहेरची समजली गेलेली मॅगझिने आणि त्या राज्यात निर्बंध असलेल्या एका प्रकारच्या गोळ्या सापडल्या. एका घरातून दुसऱ्या घरी बिऱ्हाड हलविताना बंदूक नेण्याची सवलत न्यू जर्सीच्या कायद्यात होती. परंतु न्यायाधीशांनी ती ज्यूरीस विचारात घेण्यास सांगितली नाही. २०१० मध्ये त्यास ७ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी आपल्या अधिकारात शिक्षा कमी करून त्याची सुटका केली. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने दोषसिद्धीचा मोठा भाग रद्द केला, पण गोळ्यांविषयीचा दोष कायम ठेवला. शेवटी सुटका झाली खरी. परंतु तोपर्यंत काही महिने तुरुंगात गेले आणि न्यायालयाची पायरी पुन्हा पुन्हा चढावी लागली.

पुढे २०१३ मध्ये ज्या कोलोरॅडोतून तो निघाला होता, त्या राज्यानेही मॅगझिनवर मर्यादा घातली. आज एखाद्या राज्यात मोकळीक आहे म्हणून ती उद्याही राहील, असे गृहीत धरता येत नाही.

वाटेतील राज्ये

राहते राज्य व नवे राज्य यांखेरीज वाटेतील राज्यांचाही विचार करावा लागतो. १९८६ च्या एका केंद्रीय कायद्याने प्रवाशास काही संरक्षण दिलेले आहे. निघण्याच्या व पोहोचण्याच्या अशा दोन्ही ठिकाणी बंदूक बाळगणे वैध असेल, ती रिकामी असेल, आणि ती व काडतुसे प्रवाशाच्या सहज हाताशी येणार नाहीत अशा रीतीने डिकीत वा कुलूपबंद पेटीत असतील, तर मधल्या राज्यातून जाण्यास अडथळा होऊ नये, असा त्याचा आशय आहे. मात्र त्याच्या शब्दांत बंदूक व काडतुसे यांचा उल्लेख आहे. मॅगझिनचा स्वतंत्र उल्लेख नाही. शिवाय हे संरक्षण वाटेपुरते आहे. मुक्कामाच्या राज्यातच जे निषिद्ध आहे, त्यास त्याचा उपयोग नाही.

म्हणून जाणते मालक बिऱ्हाड बांधण्यापूर्वीच व्यवस्था लावतात. काही जण जुन्या राज्यातच मोठी मॅगझिने विक्रेत्यास विकतात किंवा तेथे राहणाऱ्या पात्र नातलगाच्या स्वाधीन करतात आणि १० काडतुसांची नवी घेतात. मर्यादा असलेल्या राज्यांसाठी कारखाने अशी मॅगझिने तयार करतात. काही जण जाणत्या कारागिराकडून जुन्या पेटीत अडसर बसवून घेतात. हा अडसर कायमचा असावा लागतो; हाताने काढता येईल असा ठोकळा घालून चालत नाही. पोलिसांच्या स्वाधीन करावयाचे असल्यास आधी ठाण्यास कळवून, त्यांच्या सूचनेप्रमाणे न्यावे आणि पोच घ्यावी. नुसतेच हातात घेऊन ठाण्यात शिरणे धोक्याचे ठरते.

न्यायालयाच्या आदेशानेही नियम फिरतात. न्यूयॉर्कच्या २०१३ च्या कायद्यात १० च्या मॅगझिनमध्येही ७ हूनच अधिक काडतुसे भरू नयेत असे कलम होते. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यायालयाने ते रद्द केले, १० ची मर्यादा मात्र राहिली. कॅलिफोर्नियात २०१९ च्या मार्चअखेर एका न्यायाधीशाने मर्यादा रद्द केली. आदेश स्थगित होण्यापूर्वीच्या सुमारे आठवडाभरात लोकांनी मोठ्या संख्येने मॅगझिने मागविली. पुढे २०२५ च्या मार्चमध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तीच मर्यादा वैध ठरविली. गेल्या वर्षीच्या माहितीवर किंवा मित्राच्या सांगण्यावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे यावरून दिसून येते.

आपल्यासाठी बोध

न्यू जर्सी, इलिनॉय, कॅलिफोर्निया, टेक्सास या राज्यांत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झालेली आहेत. आपल्या गावातूनही कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी तेथे गेलेली असते. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परदेशी नागरिकास, काही अपवाद वगळता, अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यान्वये बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मुळातच मनाई आहे, हे त्यांच्या पालकांनीही जाणून असावे. कायमच्या रहिवाशाने ती घेतलीच, तर नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जाताना वर सांगितलेला प्रत्येक प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो.

आपल्या देशात शस्त्रे व दारूगोळा हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत आहे. १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेला १९५९ चा शस्त्र अधिनियम बेळगाव, सावंतवाडी, इंदूर व हैदराबाद येथे सारखाच लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची कमाल संख्या सर्वसाधारणपणे ३ वरून २ वर आली, तीही सर्व देशात एकाच वेळी. आणि जादा बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्यास एक वर्षाचा अवधी देण्यात आला. तरीही आपल्याकडील परवानाधारकाने निश्चिंत राहू नये. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे, हे त्यावर लिहिलेले असते. बंदूक घेऊन राहण्याचे ठिकाण बदलणाऱ्याने नियमांतील मुदतीत जुन्या व नव्या अशा दोन्ही ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. कायदा एक असला, तरी नोंद आपोआप बरोबर येत नाही.

या साऱ्या विवेचनातून दोन कर्तव्ये निघतात. पहिले नागरिकाचे. ‘मला ठाऊक नव्हते’ हे उत्तर कोणत्याही देशाच्या न्यायालयात सहसा टिकत नाही. म्हणून विचारावयाचे ते निघण्यापूर्वी, अधिकृत कार्यालयात, आणि उत्तर मिळेल ते शक्यतो लेखी. दुसरे कर्तव्य कायदा करणाऱ्यांचे व तो राबविणाऱ्यांचे. एखादी वस्तू निषिद्ध करताना, ती कालपर्यंत वैधपणे बाळगणाऱ्याने आणि उद्या परगावाहून तिच्यासह येणाऱ्याने काय करावे, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेले असावे. मुदत किती, वस्तू कोठे द्यावयाची, पोच कोण देणार, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या कायद्यात मिळतात, तो कडक असूनही लोकांना पाळता येतो. ती जेथे मिळत नाहीत, तेथे सज्जन व गुन्हेगार एकाच रांगेत उभे राहतात.

ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेली नवी सूचना अनेकदा अवघड भाषेत असते. गावात नव्याने आलेल्या माणसास ती समजावून सांगणे हे शिक्षकाचे आणि ग्रामसेवकाचे काम होय. त्या पाच मिनिटांच्या कामाने एखाद्याचा पाच वर्षांचा खटला वाचू शकतो.